पावतीतला प

गेल्या आठवड्यात कास रस्त्यावरचे एक गृहस्थ फ्लेक्स करायला आले. घरामागे तीन खोल्या काढल्यात, फुलांचा हंगाम तोंडावर आलाय, बोर्ड हवा. २०१२ साली कास युनेस्कोच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून ऑगस्ट उजाडला की साताऱ्यातल्या छपाईवाल्यांना ‘अकॉमोडेशन’ हा शब्द छापावा लागतो. वहीच्या पानावर त्यांनी मजकूर लिहून आणला होता. त्यात सी एक आणि एमही एकच.

“भाऊ, यात सी दोन लागतात. एमसुद्धा दोन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रेटकार्डाकडे. “स्क्वेअर फुटावरच घेता ना तुम्ही? अक्षरावर नाही ना?”

अक्षरं फुकट आहेत म्हटल्यावर ते निवांत झाले. “मग हवी तेवढी टाका,” म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मोती चौकाजवळच्या एका बोळात आमचं दुकान आहे. पाटीवर आता ‘ग्राफिक्स’ असं आहे, वडिलांच्या वेळी ‘छापखाना’ होतं. हा शब्द मी किती वेळा दुरुस्त केला असेल त्याला गणती नाही, पण अजूनही टाइप करताना ओठातल्या ओठात एक मंत्र म्हणावा लागतो : अक्कोम्मोडेशन. अक्का आणि मम्मी, दोघींची सोय. अक्काचा क जोडाक्षर, मम्मीचा म जोडाक्षर. शब्द माझा नाही, अण्णांचा आहे.

अण्णा आमच्याकडे कंपोझिटर होते. चौथी शिकलेले. इंग्रजीतलं एक वाक्य त्यांना बोलता येत नव्हतं, पण लेटरहेड, बिलबुकं, कॉलेजचे कार्यक्रम, व्हिजिटिंग कार्डं, सगळं इंग्रजी तेच जुळवत. समोर लाकडी केस, तिच्या खणाखणांत शिशाचे खिळे. कॅपिटल अक्षरांची केस वर, लहान अक्षरांची खाली. कॉम्प्युटरवर ‘अप्पर केस’ म्हणणाऱ्या आमच्या डिझायनर पोराला मी सांगितलं, अरे, ती केस खरंच वरची असायची, तर त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं आणि स्टिकमध्ये, म्हणजे खिळे ओळीनं लावायच्या हातातल्या पट्टीत, ते डोकं खाली करून लावतात. असा उलटापालटा शब्द नजरेनं वाचायच्या भानगडीत अण्णा पडतच नसत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवरून फिरतोय आणि तोंड चालू. इंग्रजी शब्द ते मराठीसारखा वाचायचे. जे अक्षर दिसेल ते उच्चारायचं, कुणाला वगळायचं नाही. बुधवारला वेडनेसडे. कमिटीला कोम्मिट्टी. सी म्हणजे क, त्यात तडजोड नाही, म्हणून नेसेसरी झाला नेकेस्सरी आणि ऑकेजन झाला ओक्कासिओन.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पाचवीत गेले आणि वर्षभरात मला शिंगं फुटली. एका संध्याकाळी केसजवळ उभी राहून मी अण्णांना म्हटलं, “अण्णा, वेडनेसडे म्हणत नाहीत. वेन्सडे म्हणतात.”

हात न थांबवता ते म्हणाले, “तुला म्हणायचंय. मला लावायचंय.”

तेव्हा मला ते अडाणीपणाचं उत्तर वाटलं होतं. त्यातला शहाणपणा कळायला पाच हजार पावत्या वाया जाव्या लागल्या.

मी कॉलेजला होते. गणपतीच्या आधी महिनाभर कामाची झुंबड असे आणि नेमके तेव्हाच अण्णा गावी तापानं आडवे झाले. एका मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं अडली होती. शंभर पुस्तकं, प्रत्येकी पन्नास पावत्या. मंडळाला मराठीच्या जोडीनं इंग्रजी मथळाही हवा होता, पोवई नाक्यावरच्या मोठ्या दुकानदारांपुढे वजन पडतं म्हणून. मी म्हटलं, मी लावते. हौसेनं स्टिक हातात घेतली आणि मनात स्वच्छ, इंग्रजी शिकलेल्या मुलीचा उच्चार केला : रिसीट. आर-ई-सी-ई-आय-टी. ई आणि आयचा क्रम बरोबर आला म्हणून स्वतःवर खूशही झाले. प्रूफ वडिलांनी पाहिलं, मंडळाच्या खजिनदारांनी पाहिलं. त्यांनी वर्गणीच्या ओळीतला ‘णी’ दीर्घ आहे की नाही ते दोनदा तपासलं. मशीन चाललं.

चूक काढली ती राजवाड्याच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी. त्यांनी ५१ रुपये वर्गणी दिली, पावती घेतली, ई-आय आणि टीच्या मध्ये काकपद केलं, वर तांबड्या शाईनं ‘पी’ लिहिला आणि पावती पोरांच्या हाती परत दिली. पोरं ती घेऊन छापखान्यात. वडिलांनी निम्मं बिल सोडलं, मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अण्णा परतल्यावर त्यांनी एक पावती उचलून डोळ्यांजवळ नेली. रेकेइप्ट हा त्यांचा रोजचा शब्द. त्यात प नाही हे त्यांना एका नजरेत दिसलं. “पावतीला प नको का?” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून तो पी मी विसरलेले नाही. रिसीटमध्ये पी का, तर पावतीतला प. इंग्रजी उच्चारात तो कुठंच ऐकू येत नाही, म्हणून त्याला मराठीतून आणून तिथं बसवायचा. मग मला या खेळाचा नादच लागला. डेटमधला, म्हणजे कर्जातला, मुका बी? बाकीतला ब. आयलंडमधला एस? बेटाभोवती समुद्र नको का? कॅसलमधला टी म्हणजे किल्ल्याचा तट. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. नाइफच्या आधीचा के कशाला? कापायला. नो, म्हणजे जाणणे, त्याच्या आधीचा के कशाला? कळायला.

हे सगळे योगायोग, हे मला माहीत आहे. त्या पीचा आपल्या पावतीशी काडीचाही संबंध नाही. पण त्याची खरी कुंडली पाहिली तर तीही काही फार सरळ नाही. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा लोक तो पी न घालताच लिहीत. पुढे लॅटिन शिकलेल्या पंडितांना वाटलं, मूळ शब्द रेकेप्ता, त्यातला प गेला कुठं? त्यांनी तो आणून घातला. बोलणाऱ्यांनी त्याला तोंडात घेतलं नाही, लिहिणाऱ्यांनी मात्र ठेवून घेतला. डेट आणि डाउटमधल्या बीची कथा हीच. गंमत म्हणजे डिसीट आणि कन्सीट हे रिसीटचे सख्खे भाऊ, पण पंडितांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही, ते बिनपीचेच राहिले. आयलंडमध्ये तर पंडिताई चक्क चुकली. तो शब्द लॅटिनमधला नाहीच, जुना इंग्रजी आहे. पण लॅटिनकडून आलेल्या आइल या बेटवाचक शब्दाशी त्याचं नातं असणार असं समजून लोकांनी त्यात एस घुसडला. चूक इतकी जुनी झाली की आता तो एस गाळणारा चुकतो.

छापखानेवाल्यांचेही यात हात बरबटलेले आहेत. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला. त्यानंतर शब्द हळूहळू शिशात गोठत गेले आणि लोकांची जीभ मात्र पुढे चालत राहिली. नाइट, म्हणजे रात्र, यातले जी आणि एच एकेकाळी घशातून ख काढल्यासारखे म्हणत. तो आवाज गेला, अक्षरं राहिली. आपल्याकडे दिवसभर न जेवता रात्री जेवायच्या व्रताला नक्त म्हणतात. ते नक्त आणि ते नाइट एकाच मुळाचे. आपल्या क्तमध्ये जो क आहे, त्याच्याच जागी तिकडे ते दोन मुके भाऊ उभे आहेत. हे कळल्यापासून जीएचवर माझा राग राहिलेला नाही.

आणि कळण्यातला तो के. नोमधला के पूर्वी खरोखर उच्चारत, क्नो असा. त्याच मुळातून संस्कृतात ज्ञा आला. म्हणजे त्यांच्या केच्या जागी आपला ज. आता आपण ज्ञान कसं म्हणतो? द्न्यान. त्यात ज कुठे आहे? लिहितो ज आणि ञ, म्हणतो द, न आणि य. शिवाय आपला चहातला च वेगळा आणि चमच्यातला वेगळा, अक्षर एकच. ऋषीतला ऋ आपण रुपयातल्या रुसारखा म्हणतो. पोटफोड्या ष आणि शहामृगाचा श यांतला फरक कानानं ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, असं आपण छाती काढून सांगतो आणि मग लग्नपत्रिकेवर ‘आर्शिवाद’ छापून घेतो. तो रफार माझ्या टेबलावरून किती वेळा उचलून शीवरून वावर नेला असेल!

पण अण्णांच्या पद्धतीतलं खरं घबाड मला सापडलं ते संधीत. इंग्रजी स्पेलिंगमध्ये माणसं सर्वांत जास्त कुठं आपटत असतील तर ती दुहेरी अक्षरांवर. कुठं एक एस, कुठं दोन, कुठं दोन सी. कानाला काही फरक नाही, कारण इंग्रज माणूस जोडाक्षर जोडून म्हणतच नाही. मराठी माणूस म्हणतो. पत्ता आणि पता यांतला फरक आपल्या शेंबड्या पोरालाही कळतो. मग हा कान इंग्रजीला उसना का देऊ नये? टोमोर्रो म्हणा, एक एम आणि दोन आर आपोआप येतात. एम्बर्रास्समध्ये र दोन, स दोन. हरास्समध्ये र एक, स दोन. बेगिन्निंग. डिसप्पॉइंट. कोम्मिट्टी तर मेजवानीच, म्म, ट्टी आणि शेवटी लांबवलेली दोन ईंची दीर्घ वेलांटी.

ही दुहेरी अक्षरं आली कुठून, हे शाळेत संस्कृतच्या तासाला माझ्या समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. उत् अधिक ज्वल बरोबर उज्ज्वल. शेजारी ज आला म्हणून त्‌चाही ज् झाला. आता लॅटिनमध्ये बघा. अड् हा उपसर्ग, पुढे कोम्‌, पुढे मोदुस. अड् पुढच्या कसारखा झाला, अक्को. कोम्‌चा म आणि मोदुसचा म मिळाले, म्मो. अक्कोम्मो! ऑकेजनमध्ये ओब्‌ पुढे क आला, ओक्का झाला. इन्‌ पुढे आर आला की इर्रेग्युलर, एल आला की इल्लीगल, एम आला की इम्मीडिएट. आपण ज्याला व्यंजनसंधी म्हणून सूत्रं घोकतो तेच हे. जो माणूस ‘उज्वल’ लिहितो आणि ‘महत्व’मध्ये एकच त घालतो, तोच अकॉमोडेशनचा एक एम खातो. आजार एकच.

जुन्या लॅटिनमध्ये सी हा नेहमी क म्हणूनच उच्चारत. ऑकेजनचं मूळ रूप ओक्कासिओ, नेसेसरीचं मूळ नेकेस्से. म्हणजे बोळातल्या छापखान्यात चौथी पास माणूस खिळे वेचता वेचता जे पुटपुटत होता, त्यावर मी हसले खरी, पण एखादा रोमन माणूस तिथून गेला असता तर आपलं कुणीतरी भेटलं म्हणून थबकला असता.

डिसप्पॉइंटमध्ये एस एकच का आणि डिस्सॅटिस्फाइडमध्ये दोन का, हे तोडून पाहिलं की कळतं. डिस अधिक अपॉइंट, तिथं दुसरा एस येणार कुठून? डिस अधिक सॅटिस्फाइड, तिथं दोन्ही हजर. मिस अधिक स्पेल हेही तसंच, म्हणून मिस्सस्पेल नव्हे आणि मिस्पेलही नव्हे, एस बरोबर दोन. चुकीचं स्पेलिंग या अर्थाचाच शब्द लोक चुकवतात, याहून मोठा विनोद इंग्रजीत नसेल.

जिथं जोडाक्षर नाही, संधी नाही, तिथं मात्र पोरकट युक्त्याच लागतात आणि त्या मी बेधडक वापरते. कॅलेंडरच्या शेवटी ई-आर नसून ए-आर आहे हे कसं लक्षात ठेवायचं? शेवटची तीन अक्षरं मराठीत वाचा, दार. कॅलेंडर दारामागच्या खिळ्यालाच असतं. सेपरेटच्या मधोमध पार आहे, वडाचा पार. ग्रामरमध्ये आधी राम आणि मग मार. शाळेचे प्रिन्सिपल असतील तर शेवटी पाल, त्यांच्या केबिनच्या भिंतीवरची. तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल असेल तर पाल नाही. बुधवारसाठी अण्णांचाच मंत्र : वेड नेसून आलेला दिवस. रेस्टॉरंट माझ्या मुलीनं सोडवला. रेस्ट घ्यायला आऊ रानात गेली आणि टी प्यायली. रेस्ट, आऊ, रान, टी. आऊ रानात चहा कशाला पिईल, असं विचारायचं नाही. गोष्ट जितकी येडी तितकी पक्की बसते.

लेफ्टनंट आम्ही सगळेच शाळेत एका ओळीत शिकलो : खोटं, तू, दहा, मुंग्या. लाय, यू, टेन, ॲन्ट. ते स्पेलिंग आयुष्यात कशाला लागणार असं वाटायचं, पण आमचा जिल्हा फौजेचा. आपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या तालुक्यात आहे तिथं लग्नपत्रिकेत हुद्दे येतातच. अशी पत्रिका आली की मी मुंग्या मोजते. पुढे कधीतरी त्याचा अर्थ वाचला. ल्यू म्हणजे जागा, टेनंट म्हणजे धरणारा, दुसऱ्याच्या जागी उभा राहून ती सांभाळणारा. आपला हवालदारही तसाच घडलाय, हवाला आणि तो धरणारा फारसी दार. पत्रिकेत दोघं शेजारी शेजारी छापले जातात तेव्हा मला उगाच बरं वाटतं.

आय आधी आणि ई नंतर, पण सीमागे आल्यास उलट, हा नियम शाळेत छडीच्या जोरावर पाठ केला होता. रिसीव्ह आणि सीलिंगला तो चालतो. मग वीअर्ड येतो, सीझ येतो, सायन्स येतो आणि नियम गुंडाळून ठेवावा लागतो. मी तो ठेवलाय.

आता लोक म्हणतात, हे कशाला पाहिजे, कॉम्प्युटर लाल रेघ मारतो की. मारतो. आमच्या गिऱ्हाइकांच्या आडनावांखाली मारतो, अंकशास्त्रवाल्यानं नावात वाढवून दिलेल्या दोन ए-खाली मारतो, त्यामुळे पानभर इतक्या लाल रेघा असतात की खऱ्या चुकीखालची रेघ कुणी बघतच नाही. आणि स्टेशनरी? वह्या-पेनांची ई-वाली, जागच्या जागी थांबलेली ए-वाली. दोन्ही शब्द खरे, म्हणून रेघ दोन्हीखाली नाही. अचलचा अ तो ए, असं म्हटल्यावर मला आता चुकत नाही, पण साताऱ्यात एके काळी मीच एका दुकानाला ‘अचल वह्या-पेनं’ असा बोर्ड करून दिलाय. पुढे तो बदलला. मी बदलायला लावला नाही, लाजेनं त्या रस्त्यानं जाणं टाळलं.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत खुद्द साताऱ्याला दोन टी असत. सत्तारा. एक कधी गळाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर ते कासचे गृहस्थ. स्क्रीनवर दोन सी, दोन एम उमटले. त्यांनी बोट ठेवून मोजले आणि समाधानानं मान हलवली. मग म्हणाले, “खाली मराठीत एक ओळ घ्या. शुद्ध शाकाहारी जेवण मिळेल.”

मी बोलता बोलताच टाइप केलं. ते पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले.

“ताई, मला काय एवढं कळत नाही,” ते म्हणाले, “पण शुद्धमध्ये द आधी का ध आधी?”

मी पाहिलं. ध आधी आला होता. शुध्द.

अण्णांच्या केसमध्ये द्ध हा अख्खा एकच खिळा होता.